लेटवाले काका

आमच्या डब्लिनच्या घरमालकांची आठवण निघाली की मला आधी राग येतो. बाकी जे काही यायचं ते नंतर येतं. माणूस वरून फणस आणि आतून गोड होता, असलं काही मी लिहिणार नाही. तसे ते नव्हतेच. आतूनही बऱ्यापैकी काटेरी होते.

डब्लिन म्हणजे ओहायोमधलं, कोलंबसच्या कडेचं. तिथे काकांचं जोडघर होतं. एका बाजूला ते एकटे, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं भाडेकरू: मी, माझा नवरा मंदार आणि मुलगी सई. मधे एक पातळ भिंत आणि पुढे दोन्ही घरांना मिळून एकच अरुंद ड्राइव्हवे. काकू मी पाहिल्याच नाहीत, त्या आम्ही राहायला जायच्या आधीच वारल्या होत्या. मुलगा दूर पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला मोठ्या हुद्द्यावर. तो रविवारी फोन करायचा आणि काका त्याला ‘सगळं ठीक आहे’ एवढंच सांगून ठेवून द्यायचे. भिंत पातळ असल्यामुळे मला हे ऐकू यायचं.

मराठी मंडळात त्यांना मागून सगळे ‘लेटवाले काका’ म्हणत. ते उशिरा यायचे म्हणून नव्हे. वेळेचे इतके पक्के होते की यजमान आंघोळीला गेलेले असताना हे दारात उभे. एल-ई-टी, लेट, या साध्या तीन अक्षरी इंग्रजी शब्दानं त्यांना झपाटलं होतं. कोणाला दगड गोळा करायचा नाद असतो, कोणाला जुन्या गाड्यांचा. यांना हा एक शब्द. मूळचे वर्ध्याचे, तारुण्यात इकडे आले आणि सगळी नोकरी एका विमा कंपनीत पॉलिसीचा मजकूर तपासण्यात घालवली. ‘पॉलिसीतला एक शब्द इकडचा तिकडे झाला की माणसाचं घर जाते,’ असं ते म्हणायचे. त्यामुळे शब्दांकडे ते इन्स्पेक्टर संशयिताकडे पाहतो तसे पाहायचे.

घर बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी आमचे पासपोर्ट मागितले. भाडेकरूची माहिती घ्यायची असेल, असं आम्हाला वाटलं. त्यांनी मंदारला पहिलं पान उघडून राष्ट्रपतींच्या नावानं जी विनंती छापलेली असते ती मोठ्यानं वाचायला सांगितली. या माणसाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावं, असं तिथे असतं. ‘इथे लेट म्हणजे काय?’ काकांनी विचारलं. मंदार म्हणाला, अलाउ करणं. ‘म्हणजे यांना परवानगी न देता जाऊ द्या, असं सांगून राहिले का राष्ट्रपती?’ मंदारचं तोंड बघण्यासारखं झालं. सातासमुद्रापार तो पासपोर्ट घेऊन आलेला माणूस, पण ते पान कधी वाचलंच नव्हतं. मीही नव्हतं. तुम्हीही वाचलं नसेल.

मग काकांनी आम्हाला उभ्याउभ्या शिकवलं. लेट हा एक शब्द नाहीच, दोन आहेत. एक लेट जुन्या इंग्रजीतला, सोडण्याचा, जाऊ देण्याचा, सैल करण्याचा. दुसराही तितकाच जुना, पण अर्थ बरोबर उलटा: अडवणं, खोळंबा करणं. तो उशिराच्या लेटचा सख्खा भाऊ, एखाद्याला अडवलं की त्याला उशीर होणारच. दोघांचे उच्चार हळूहळू सारखे झाले, स्पेलिंगही एक झालं, आणि अडवणारा लेट पुढे बिचारा मरायला टेकला. आता तो दोनच ठिकाणी जिवंत आहे, पासपोर्टसारख्या सरकारी कागदात आणि टेनिसच्या कोर्टावर. आणखी मागे खणत गेलं तर दोघांचंही मूळ एकाच ठिकाणी, थकण्यात आणि मंदावण्यात सापडतं, असं पंडित म्हणतात. ‘थकलेला माणूस हातातलं सोडूनही देते आणि दुसऱ्याचा रस्ताही अडवते,’ काका म्हणाले. मी घड्याळाकडे बघत होते. सई कारमध्ये भुकेनं रडकुंडीला आली होती. घर आम्हाला मिळालं, कारण मंदारनं सरळ ‘मला माहीत नव्हतं’ असं कबूल केलं. आमच्या आधीचा भाडेकरू म्हणे गुगल करून दाखवायला लागला होता.

भाड्यानं देणं हाही लेटच. म्हणून घर रिकामं असताना त्यांनी अंगणात ‘टू लेट’ अशी पाटी लावली होती. अमेरिकेत कोणी असं लिहीत नाही, इथे ‘फॉर रेंट’ म्हणतात. आमच्या वसाहतीच्या कमिटीला पाट्यांचं वावडं, त्यांनी ती काढायला सांगितली. काका कमिटीच्या मीटिंगला जाऊन भांडून आले. पाटी निघाली, पण पुढे कित्येक महिने ती त्यांच्या खिडकीच्या आत, काचेला टेकून, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. आम्ही राहायला गेल्यावरही.

सई शाळेच्या कोर्टावर टेनिस खेळायची. काका जाळीबाहेर उभे. सर्व्हिसचा चेंडू नेटला चाटून पडला की समोरची मुलगी ‘लेट’ म्हणायची आणि हे बाहेरून टाळ्या वाजवायचे. बाकी पोरींच्या आयांना वाटायचं, म्हाताऱ्याला स्कोअर कळत नाही. सई घरी येऊन माझ्यावर डाफरायची, ‘आई, टेल हिम टू स्टॉप, ही इज सो एम्बॅरसिंग.’ मी काकांना सांगितलं. त्यांनी टाळ्या बंद केल्या आणि टोपी काढून वाकून नमस्कार करायला सुरुवात केली.

इंग्रजीत लेटपेक्षा जास्त अर्थांचे शब्द आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. रन आहे, सेट आहे. मी एकदा वैतागून विचारलं, मग हाच का धरून बसलात? म्हणाले, ‘ते कष्टकरी शब्द आहेत. पडेल ते काम करतात. लेटमध्ये नेहमी दोन माणसं असतात. देणारा आणि ज्याला देऊन राहिले तो. एकाच्या हातात दोरी आणि दुसऱ्याच्या गळ्यात. आपण इथे आलो ते कोणत्या टोकाला आलो, ते पाहून घ्यावं माणसानं.’

हे ऐकून मला राग आला, कारण ते खरं होतं. माझ्या नोकरीच्या व्हिसावर आम्ही तिघं उभे होतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर लागायला सईचं लग्न व्हायचं बहुधा. मंदार माझ्या व्हिसाच्या शेपटीला बांधून आणलेला, त्याला काम करायची परवानगी नाही. रोज सकाळी ऑफिसला जाताना हे सगळं डोक्यात ठेवलं तर माणूस ड्राइव्ह करू शकणार नाही. म्हणून मी ठेवत नसे.

इंग्रजीतल्या लेटइतकाच त्यांना मराठीतल्या ‘जाऊ दे’चा संताप होता. एकदा इंडियन स्टोअरमधून काका आणि मी त्यांच्या गाडीतून परत येत होतो. तिथे काउंटरवरच्या पोरानं काकांशी उर्मटपणा केला होता. मी म्हटलं, ‘जाऊ द्या काका.’ त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. मागच्यांनी हॉर्न वाजवले. काका म्हणाले, ‘कोणाला जाऊ देऊ? त्याला? की माझा जो अपमान झाला त्याला? आपली माणसं जन्मभर हेच करतात. दोरी दुसऱ्याच्या हातात असते आणि आपणच मोठ्या मनानं म्हणतो, जाऊ दे.’ मग वळून स्टोअरमध्ये परत. पोराची माफी घेऊनच निघाले. माझ्या पिशवीतलं आइस्क्रीम वितळून फ्लोअर मॅटवर सांडलं, ते मात्र जाऊ द्यायचं होतं.

मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाआधी, त्यांना पाच मिनिटं मिळायची. ‘शब्दाची गोष्ट’ असं नाव होतं. गोष्ट कायम त्याच शब्दाची. लोक तेवढ्यात पार्किंगमध्ये फोन करून यायचे. पोरं चिप्सच्या टेबलाशी. मीही एकदोनदा गेलेय बाहेर.

आणि मग त्या शरद ऋतूत माझी नोकरी गेली.

सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग कॅलेंडरवर आली. स्क्रीनवर माझा मॅनेजर आणि एचआरची एक बाई, मयताला आल्यासारखा चेहरा करून. मॅनेजर म्हणाला, ‘वी हॅव टू लेट यू गो.’ वा रे वा. जणू मी केव्हापासून बॅग भरून दाराशी उभी होते, आणि हे मला प्रेमानं धरून ठेवत होते, आणि आज नाइलाजानं हात सोडला. काढलं म्हणा ना. हाकललं म्हणा. ज्या प्रोजेक्टसाठी मी सईचा वाढदिवस चुकवला त्याचं नाव घेऊन हा माणूस मला थँक्यू म्हणाला. मीसुद्धा काय करावं? मी त्याला ‘थँक्स फॉर एव्हरीथिंग’ म्हणाले. त्या वाक्याची आठवण झाली की आजही कानशिलं तापतात.

दोन महिने हातात होते. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीनं व्हिसा उचलला नाही तर गाशा गुंडाळायचा, सईची शाळा अर्ध्यात सोडून पुण्याला. आणि आम्ही नवराबायकोनं काय ठरवलं असेल? कोणाला सांगायचं नाही. आपल्या लोकांची ही रीतच आहे. अमेरिकन माणूस त्याच दिवशी लिंक्डइनवर टाकून मोकळा होतो. आपण सकाळी इस्त्रीचा शर्ट घालतो, डबा भरतो, लॅपटॉपची बॅग घेतो आणि लायब्ररीत जाऊन बसतो. पुण्याच्या व्हिडिओ कॉलला ‘ऑफिसातून बोलतेय’ म्हणतो. मंडळात ‘काय, कसं काय’ विचारलं की ‘मस्त, यार, बिझी’. ज्या लोकांच्या एका फोनवर नोकरी लागू शकते, बरोबर त्यांच्यापासूनच लपवतो. कारण काय, तर लोक काय म्हणतील.

लायब्ररीत मी मागच्या कोपऱ्यातलं टेबल धरलं होतं. तिथे कोणी येत नसे, कारण तिथे जाडजूड शब्दकोश होते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

काका पुस्तक काढायला वळले आणि मी समोर. डब्यातली पोळी हातात. त्यांनी घड्याळ पाहिलं, माझी बॅग पाहिली, आणि सगळं समजले.

‘किती दिवस झाले?’

‘काका, प्लीज, कोणाला सांगू नका.’

‘काहून? चोरी केली का तू?’

‘तसं नाही. पण लोकांना उगाच…’

‘काय म्हणाले ते? नेमके शब्द सांग.’

मी सांगितले. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे लायब्ररीत ओरडणार. ते ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘त्यांनी गोड बोलून तुले काढलं आणि तू त्यांचंच काम करून राहिली. त्यांची लाज तू लपवून राहिली. तुझी काय लाज त्याच्यात?’

मी म्हटलं, तुमचं काय जातं बोलायला, तुमच्याकडे सिटिझनशिप आहे, घर आहे. माझ्या पोरीचं काय होईल सांगा. तेव्हा मी खूप बोलले. सहा-सात आठवडे गिळलेलं सगळं त्यांच्यावर ओकले. त्यांनी ऐकून घेतलं. जाताना मी पुन्हा म्हटलं, ‘शब्द द्या, कोणाला सांगणार नाही.’

‘तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही,’ ते म्हणाले. ‘त्याच्यापुढचा शब्द देत नाही.’

दिवाळी होऊन गेल्यावरच्या शनिवारी मंडळाचा कार्यक्रम होता, शाळेच्या कॅफेटेरियात. माझ्या हातात जेमतेम दहा दिवस उरले होते. तरी पैठणी नेसून गेले. न जाऊन कसं चालेल, लोकांनी विचारलं असतं. अध्यक्षांचं भाषण झालं, आपली कम्युनिटी कुठल्या कुठे पोचली वगैरे. टाळ्या झाल्या. मागे टेबलांवर फॉइल लावलेले ट्रे आले, बटाटेवड्यांचा वास सुटला. काका माइकपाशी गेले.

‘आज गोष्ट नाही,’ ते म्हणाले. ‘या हॉलमध्ये ज्यांना-ज्यांना यंदा नोकरीवरून काढलं आहे, त्यांनी उभं राहावं.’

हसावं की काय, कोणाला कळेना. मंदारनं टेबलाखाली माझा हात दाबला. काका माझ्याकडे बघतही नव्हते.

‘लेट गो केलं नाही. काढलं. ज्यांना काढलं त्यांनी उभं राहा. बाकीच्यांना कळू द्या कोणाला मदत पाहिजे.’

अध्यक्ष पुढे झाले. ‘काका, हे जरा अनकम्फर्टेबल होतंय लोकांना. आपण जेवून घेऊ आधी.’

‘कोणी उभं राहिल्याशिवाय जेवण नाही,’ काका म्हणाले आणि माइक काखेत धरून ट्रेच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले. पंचाहत्तरीचा म्हातारा. त्याला हात कोण लावणार? पोरं कुरकुरायला लागली. ‘व्हाय कान्ट वी ईट?’ कोणीतरी विचारत होतं. कोणी म्हणालं, यांच्या मुलाला फोन करा. एक बाई खुसखुसली, ‘एकटे राहून डोक्यावर परिणाम झालाय.’ वडे गार होत होते आणि तो माणूस तिथे खांबासारखा उभा. हॉलभर भरजरी साड्या आणि कुर्ते, आणि प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये मान घालून.

मला इतका संताप आला की काय सांगू. त्यांचा आला. त्या खुसखुसणाऱ्या बाईचा आला. मॅनेजरचा, अध्यक्षांचा, माझ्या मूर्ख पैठणीचा. मी त्यांना ‘बस करा आता’ असं सांगायला उठले, देवाशपथ त्यासाठीच उठले. पण सगळा हॉल माझ्याकडे वळला आणि तोंडातून भलतंच निघालं.

‘हो, मला काढलंय,’ मी म्हटलं. ‘दहा दिवसांत नोकरी नाही मिळाली तर आम्ही पुण्याला परत जाणार. आता कळलं ना सगळ्यांना? वाढा जेवायला.’

मागे एक खुर्ची सरकली. नागपूरचा एक मुलगा, नुकतं लग्न झालेला, उभा राहिला. त्याच्या बायकोनं चमकून वर पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं. मग खिडकीकडचा एक. मग मंडळाच्या ढोलताशा पथकातले दोघं. आणि सर्वांत शेवटी, कोणाकडेही न बघता, अध्यक्ष.

काका टेबलापासून बाजूला झाले. ‘वाढा,’ म्हणाले.

रांगेत ताट घेऊन उभी असताना त्याच खुसखुसणाऱ्या बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, ‘अगं, आमच्या फ्रिस्कोच्या टीमला अगदी तुझ्या प्रोफाइलची व्यक्ती हवी आहे. महिनाभर शोधतोय. बोलली का नाहीस?’ ही बाई गणपतीत माझ्या शेजारी बसून उकडीच्या पिठाबद्दल तासभर बोलली होती. मी तिला धड थँक्यूसुद्धा म्हणू शकले नाही. सोमवारी रेझ्युमे, मग इंटरव्ह्यू, आणि अगदी शेवटच्या घटकेला व्हिसाचे कागद गेले. आम्ही अमेरिकेत राहिलो, फक्त डब्लिन सोडून दूर दक्षिणेला फ्रिस्कोला जायचं होतं. उभ्या राहिलेल्या सगळ्यांचं तसं झालं नाही. नागपूरचा मुलगा परत गेला.

मंडळाच्या कमिटीनं काकांची पाच मिनिटं काढून घेतली. कार्यक्रम लांबतो, असं कारण दिलं. मी कमिटीला वाट्टेल ते बोलून आले, उपयोग शून्य. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘लेट गो केलं का?’ आणि हसले. फ्रिस्कोची नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हा मात्र हसले नाहीत. ‘छान झालं,’ म्हणाले आणि दार लावलं. त्यानंतर त्यांच्या बाजूनं फारसा आवाज येईनासा झाला. कधीमधी वर्ध्याकडचा पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा घेऊन यायचे, ते थांबले. आम्ही घर सोडतोय म्हटल्यावर नवीन भाडेकरू शोधायचा, तेही केलं नाही. मला वाटलं, रुसलेत. मला पॅकिंग होतं, सईची शाळा होती, मी त्यांचा रुसवा कुठे काढत बसू?

निघायच्या सकाळी बर्फ पडून गेला होता. ट्रक ड्राइव्हवेत लागलेला, सामान चढलेलं. ट्रकवाला निघायला वळला आणि पाहतो तर मागे काकांची गाडी. ड्राइव्हवेच्या तोंडाशी, आडवी. आत काका, सीटबेल्ट लावून, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मी आधी वाट पाहिली. मग ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. तरी गाडी जागची हलेना. मंदार म्हणाला, ‘थांब, मी बोलतो.’ मी त्याला बाजूला केलं. बर्फातून जाऊन काच ठोकली. त्यांनी ती बोटभर खाली केली.

‘काका, गाडी काढा.’

‘काढतो.’

काढली नाही.

‘काका, ट्रकवाला खोळंबलाय. सई गाडीत गारठलीय. सोमवारी मला जॉइन व्हायचंय, तुम्हाला माहितीये.’

‘माहीत आहे.’

‘मग असं काय करताय?’ माझा आवाज चढला. समोरच्या घराचा पडदा सरकला. ‘तुम्हीच उभं केलंत ना मला त्या दिवशी? तुमच्यामुळेच चाललोय ना आम्ही?’

‘हो ना,’ ते म्हणाले. किल्ली लावलेली होती. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. नाकाच्या शेंड्याला थेंब आला होता, तोही पुसला नाही.

अजून ओरडायचं खूप बाकी होतं. मी गाडीला वळसा घालून गेले, दुसरं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी बसले. ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला. म्हटलं, वाजवू दे.